आईला अल्झायमर, आजीलाही होता. आम्ही भावंडांनी जीन टेस्ट करून घ्यावी का?

सुदामानगरची_लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आई ७६ ची आहे, अल्झायमरचं निदान होऊन तीनेक वर्षं झाली. सुरुवात तशी साधीच, गॅस बंद केला का हे दहादा विचारणं, मग पैसे ठेवलेली जागा विसरणं आणि कामवालीवर संशय, आता तर मला कधीकधी मावशी समजते. आजी पण (आईची आई) शेवटची काही वर्षं अशीच होती, पण तेव्हा घरात कोणी अल्झायमर वगैरे म्हणायचं नाही, साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून द्यायचे. आणि एक मामा पण शेवटी "डोक्याने गेला" असंच सगळे म्हणतात.

मी ४८ ची, भाऊ ४४ चा, पुण्यात आयटीत. त्याने कुठूनतरी त्या थुंकी पाठवायच्या किटची लिंक टाकली आहे, म्हणतो ताई दोघं करून टाकू, कळेल तरी. मला खरं सांगू का, भीती वाटते. चष्मा विसरला तरी पोटात गोळा येतो की आपलंही सुरू झालं का. त्यात माझ्या थोरल्या ताईच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे आणि एका ठिकाणाहून चक्क विचारणा झाली की तुमच्याकडे "ते विसरायचं" आनुवंशिक आहे का म्हणून. ताई तेव्हापासून मला रोज फोन करून राहिली आहे.

तर विचारायचं हे की आईला आणि आजीला असेल तर आम्हाला होणारच का, ती टेस्ट नक्की काय सांगते, आणि केली तर पुढे त्याचं करायचं काय?

निवृत्त_बायोवाले (इंदूर, लोकमान्य नगर)

ताई, मी डॉक्टर नाही, कॉलेजात जेनेटिक्स शिकवण्यात नोकरी गेली, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

"होणारच का" याचं उत्तर आधी. बहुतेक घरांत नाही. अल्झायमरमध्ये जीनचा संबंध दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी येतो आणि लोक दोन्हींची खिचडी करतात.

एक तऱ्हा म्हणजे एकच जीन बिघडलेला आणि तो पुरेसा. असे तीन जीन माहीत आहेत, एकविसाव्या क्रोमोसोमवरचा एपीपी, चौदाव्यावरचा प्रिसेनिलिन-१, पहिल्यावरचा प्रिसेनिलिन-२. एपीपीतला बिघाड १९९१ ला सापडला, बाकी दोन १९९५ ला. यात आई किंवा वडील, कोणा एकाकडून बिघडलेली प्रत आली की बस, म्हणजे प्रत्येक मुलाच्या बाबतीत नाणं उडवल्यासारखं, निम्मी शक्यता. पण हा आजार लवकर येतो, बहुतेकदा तिशी ते साठीच्या मधे, आणि सगळ्या अल्झायमरमध्ये याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. कोलंबियात अँटिओकिया भागात एक मोठं कुळ आहे, हजारो माणसांचं, त्यांच्यात प्रिसेनिलिन-१ चा एकच बिघाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, पंचेचाळिशीच्या आसपास विसरायला सुरुवात आणि पन्नाशीत डिमेन्शिया, म्हणजे बुद्धी इतकी ढासळते की रोजचं कामही जमेना. फ्रान्सिस्को लोपेरा नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने उभं आयुष्य त्या लोकांत घालवलं. तिथेच एक बाई सापडली, बिघाड तोच, तरी सत्तरी येईपर्यंत ठणठणीत! २०१९ ला तिच्यावर पेपर आला, तिच्याकडे एपीओई नावाच्या दुसऱ्याच जीनचा एक दुर्मिळ प्रकार दोन्ही प्रतींत होता, आणि त्यानेच बहुधा तिला तीसेक वर्षं वाचवलं. म्हणजे "पुरेसा" म्हटलेला जीनसुद्धा एकटा राज्य करत नाही.

दुसरी तऱ्हा याच एपीओईची, एकोणिसाव्या क्रोमोसोमवरचा, तुमच्या भावाचं किट बघेल तो हाच. हा मेंदूत चरबी, कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणारं प्रोटीन बनवतो आणि अमायलॉइडची, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रोटीनची, साफसफाई कशी होते यातही त्याचा हात आहे. त्याचे तीन प्रकार, ई-टू, ई-थ्री, ई-फोर. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची एक बापाची. बहुतेकांकडे ई-थ्री असतो, ई-टू थोडं संरक्षण देतो, ई-फोर धोका वाढवतो. ई-फोरचं हे १९९३ ला अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेसच्या गटाने दाखवलं. एक ई-फोर असेल तर धोका दोन-तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट असे आकडे देतात, पण हे मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरचे आकडे. आणि पट म्हटलं की माणूस घाबरतो. एक ई-फोर असलेली कितीतरी माणसं नव्वदीत शब्दकोडी सोडवतात, आणि अल्झायमर झालेल्या पुष्कळांकडे ई-फोर नसतोच.

अजून एक गोष्ट, कारण तुमचा भाऊ गूगल करून ती तुमच्या तोंडावर मारणार. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासावरून म्हणतात की अल्झायमर ६० ते ८० टक्के आनुवंशिक आहे. याचा अर्थ तुम्हाला होण्याची शक्यता ६०-८० टक्के असा *मुळीच* नाही. लोकालोकांत जो फरक दिसतो, कोणाला होतो कोणाला नाही, त्या फरकातला किती भाग जीन्समधल्या फरकाने येतो त्याचा तो अंदाज. वर्गात दर वर्षी हे समजावून माझा घसा बसायचा आणि पेपरात पोरं पुन्हा तेच लिहायची. एपीओईशिवाय छोटे छोटे हातभार लावणारे जीन पुष्कळ आहेत, २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जीनोमवरच्या, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएवरच्या, ७५ जागा मोजल्या, एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ.

आता मला सांगा, आजी, आई, मामा, तिघांना नक्की कितव्या वर्षी सुरू झालं? सगळी मेख त्यात आहे. टेस्टच्या आधी कागद घ्या आणि वंशावळ काढा, कोण, कितव्या वर्षी, पहिलं लक्षण काय, कशाने गेलं.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

सरांनी भारी लिहिलंय पण माझं म्हणणं सरळ आहे, कशाला जाणून घ्यायचं? औषध आहे का ज्याने होणारच नाही? नाही ना. मग पैसे देऊन झोप घालवायची आणि वर आपला डाटा कंपनीला द्यायचा. ज्या जेम्स वॉटसनने डीएनएची रचना शोधली त्याने स्वतःचा सगळा जीनोम जगासमोर ठेवला आणि सांगितलं की एपीओई तेवढा झाका, मला तो कळायलाच नको. तो बोलतो असं तर अपन कोण.

आणि दुसरं, निदान पक्कं आहे का ते बघा आधी. आमच्या काकांना घरातल्या सगळ्यांनी अल्झायमर ठरवून टाकलं होतं, दोन महिन्यांत एकदम माणूस बदलला, चालताना झोक जायला लागला. सीटी केला तर डोक्यात रक्त साचलेलं, कधीतरी बाथरूममध्ये पडले होते ते कोणाला बोललेच नव्हते. ऑपरेशन झालं, आता गणपतीला आरती तोंडपाठ. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, याने पण माणूस विसरतो. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह तर बघाच.

सुदामानगरची_लेक

लष्करवाले दादा, आईचं एमआरआय, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड सगळं झालंय, तिचं निदान पक्कं आहे.

सर, तुम्ही सांगितल्यावर कागद घेऊन बसले आणि मावशीला फोन लावला. आजीचं सुरू झालं तेव्हा ती ७८-८० ची असावी, मावशी म्हणते माझ्या लग्नात ती एकदम बरी होती आणि ते गणित जमतं. आईचं ७२-७३ ला. मामाचं मात्र वेगळंच निघालं. त्याला जेमतेम ५७-५८ ला सुरू झालं. आणि मावशी म्हणते तो विसरत नव्हताच मुळी! इतका सज्जन माणूस, बँकेत होता, कोणाशी चढ्या आवाजात बोलला नाही कधी, तो अचानक लोकांना काहीही बोलायला लागला, मामी आजारी पडली तर ढुंकून बघेना, सराफ्यात जाऊन जिलबी-रबडी इतकी खायचा की हलवाईच नाही म्हणायचा, एकदा दुकानातून वस्तू उचलून सरळ चालू लागला आणि मग काय तो तमाशा. नोकरी सोडावी लागली. नंतर नंतर बोलणंच बंद झालं. ६५ ला गेला. घरात सगळ्यांनी मामीलाच बोल लावला की तिने त्याला त्रास दिला म्हणून असा झाला. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून धागेदोरे पण झाले.

मी आजपर्यंत तिघांना एकाच माळेत धरत होते.

मांडवीजवळची (बडोदा)

ताई, तुमच्या मामांचं वाचून हात थरथरले, कारण हे शब्दशः आमच्या घरातलं आहे. माझ्या यजमानांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. हा अल्झायमर नाही. यात आधी मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग जातो, म्हणजे आठवण बऱ्यापैकी राहते आणि माणूस जातो: लाज, माया, तारतम्य, सगळं. गोड खाण्याचं वेड, तेच ते करत राहणं, दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं. आम्हाला पण एका ठिकाणी डिप्रेशन सांगितलं, दुसरीकडे नवराबायकोचं पटत नाही म्हणून समुपदेशन, एमआरआय नीट वाचून घेईपर्यंत बराच काळ गेला. ब्रूस विलिस नट आहे ना, त्याच्या घरच्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं ते हेच.

तुमच्या मामांना हाच होता असं मी इथून सांगू शकत नाही. पण साठीच्या आत, वागणं आधी बदललं, मग वाचा गेली, हे चित्र डॉक्टरला जसंच्या तसं सांगण्यासारखं आहे.

आणि जीनचं म्हणाल तर खरी काळजी इथे घ्यायची. फ्रंटोटेम्पोरलमध्ये आनुवंशिकतेचा भाग नेहमीच्या म्हातारपणच्या अल्झायमरपेक्षा खूप ठळक, साधारण तिसरा हिस्सा पेशंटांच्या घरात असं आधी कोणाला तरी झालेलं असतं. मुख्य जीन तीन, सी-नाइन-ओआरएफ-७२, प्रोग्रॅन्युलिन आणि टाऊ नावाच्या प्रोटीनचा मॅप्ट. पहिल्याची गंमत नाही पण चमत्कार म्हणा, एकाच घरात एकाला हा डिमेन्शिया आणि दुसऱ्याला मोटर न्यूरॉन म्हणजे हातपाय लुळे पडत जाण्याचा आजार होऊ शकतो, बिघाड तोच. म्हणून मामाकडच्या नात्यात कोणी हातपाय बारीक होत, गिळता येईनासं होऊन गेलं का, तेही विचारा. आम्हाला डॉक्टरांनी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता.

मामीला मात्र कोणीतरी जाऊन भेटा हो. मी काय काय ऐकलंय ते माझं मला माहीत.

भिया_डॉक्टर (इंदूर)

न्यूरोत काम करतो, नाव विचारू नका. मांडवीजवळच्या ताईंनी जे पकडलं ते ओपीडीत पण सुटतं बऱ्याचदा.

थोडं पुढचं सांगतो. जीन टेस्ट करायचीच तर क्रम उलटा नको. आधी ज्याला आजार आहे किंवा होता त्याची, मग निरोग्यांची. आजारी माणसात नेमका बिघाड सापडला तरच निरोग्याच्या रिपोर्टला अर्थ. नुसत्या निरोग्यावर टेस्ट केली आणि काही नाही निघालं तर सुटलो म्हणता येत नाही, आणि काहीतरी अर्धवट निघालं, ज्याचा अर्थ अजून कोणालाच लावता येत नाही, तर जन्मभराची टोचणी. मामा नाहीत आता, पण जुना एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, काही असेल तर तो खजिना समजा. हा विषय मुख्यतः *मामांच्या मुलांचा* आहे, त्यांनी जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याला) भेटावं, बंगळूरला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेसारख्या ठिकाणी या आजारांकडे बारकाईने बघतात. तुमच्या आईचं ७२ नंतरचं, विसरण्यापासून सुरू झालेलं, हे वेगळं प्रकरण वाटतं. आजी आणि आई दोघींना म्हातारपणी झालं म्हणजे तुमचा धोका चारचौघांपेक्षा थोडा जास्त, बास.

भावाचं किट एपीओईच्या फक्त दोन जागांवरची अक्षरं वाचतं. मामांच्या बाबतीत ज्या जीनची शंका येते ते त्यात येत नाहीत. म्हणजे रिपोर्ट ई-थ्री ई-थ्री आला की भाऊ खूश, आणि ज्या फांदीची काळजी करायची तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

लष्करवाले दादा, "कशाला जाणून घ्यायचं" हे निम्मं पटतं. पण आता एक बदल झालाय. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ ला मंजूर झाली. आजार बरा होत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात उतरण थोडी मंदावते. पण यात मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव होऊ शकतो आणि दोन ई-फोर वाल्यांना तो धोका फारच जास्त, म्हणून औषध सुरू करण्याआधी एपीओई बघायला सांगतात. म्हणजे टेस्टला उपयोग आहे, पण पेशंटच्या उपचारासाठी, तुमच्या भावाच्या कुतूहलासाठी नाही. आणि दोन ई-फोर हा किरकोळ मामला नाही हेही खरं, २०२४ ला बार्सिलोनाच्या गटाने दाखवलं की अशा जवळपास सगळ्यांच्या मेंदूत पासष्टीपर्यंत अमायलॉइडची खूण दिसते. क्रिस हेम्सवर्थ, तो थॉरवाला, त्याचे दोन निघाले, २०२२ ला त्याने स्वतःच सांगितलं. खूण दिसणं आणि डिमेन्शिया होणं यात अंतर आहे, पण सर म्हणाले तसं ते "एक ई-फोर" इतकं हलकं नाही.

आपल्याकडचं एक. दिल्लीजवळ बल्लभगढच्या खेड्यांत अमेरिकेतल्या गटाबरोबर मोठा अभ्यास झाला होता, तिथे अल्झायमरचं प्रमाण कमी निघालं आणि ई-फोर पण पेनसिल्व्हेनियातल्या लोकांपेक्षा कमी होता, मात्र ज्यांच्याकडे ई-फोर होता त्यांच्यात आजाराशी संबंध तसाच दिसला. तरी देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, त्यामुळे "आपल्याकडे नसतं" वगैरे विसरा.

लष्करवाला

बरं, पटलं. पण इन्शुरन्सचं काय? रिपोर्ट हातात आला की कंपनी विचारणार ना?

भिया_डॉक्टर

हा प्रश्न टेस्टच्या आधीच विचारायचा असतो, शाब्बास. २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की सरसकट "आनुवंशिक आजार वगळले" असं कलम घालून क्लेम नाकारणं हा भेदभाव आहे. पण जीनच्या रिपोर्टवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून पॉलिसीची कामं आधी उरका, फॉर्मवर खोटं लिहू नका, मग टेस्टचं बघा.

रामबागची_मावशी (इंदूर)

एवढे जीन न् क्रोमोसोम झाले, पोरीच्या स्थळाचं कोणी बोललंच नाही! खरं तर तिथेच ताईची झोप उडाली आहे.

मी आजवर कितीतरी लग्नं जुळवली आहेत. मुलगी सत्ताविशीची असेल नसेल, तिची *आजी* सत्तरीनंतर विसरायला लागली, यात सांगण्यासारखं काय आहे? विचारणाऱ्यांना म्हणावं तुमच्याकडे किती जणांना शुगर आहे, किती जणांना बीपी, तेही लिहून द्या. सत्तरीपुढचं कोणी ना कोणी विसरणारं रामबागेत, नारायण बागेत प्रत्येक दुसऱ्या घरात आहे. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आजीला म्हातारपणी अल्झायमर आहे, बस, एवढं सांगायचं. तेवढ्याने मोडत असेल तर मोडू दे, बरं झालं आधीच कळलं.

मामांच्या नातवंडांची गोष्ट निराळी, तिथे आधी डॉक्टरांकडून कळू दे काय ते, उगाच नात्यात बोभाटा करू नका. आणि मामीला भेटा हे बडोद्याच्या ताई म्हणाल्या ते पहिलं करा, टेस्टबिस्ट नंतर.

दुसरं, आमचे जावई डॉक्टर आहेत, ते सांगत होते की २०२४ ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकवाल्यांनी हिशेब मांडला, डिमेन्शियाच्या ४५ टक्के केसेस अशा गोष्टींशी जोडलेल्या आहेत ज्या आपण बदलू शकतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, डोक्याला मार, एकटं पडणं, कमी ऐकू येणं, दिसायला कमी येणं. कमी ऐकू येणं! आमच्याकडे ह्यांनी कानाचं मशीन आणून कपाटात ठेवलं होतं, "मी काय म्हातारा झालो का" म्हणून. जावयांनी हे सांगितल्यावर निमूट लावतात. सानंदच्या नाटकाला पण आता शेवटच्या रांगेत बसून नुसतं हसल्यासारखं करत नाहीत.

निवृत्त_बायोवाले

मावशी, ४५ टक्के हा सगळ्या समाजाचा हिशेब आहे, एका माणसाचा नव्हे. बीपी सांभाळणाऱ्याला होणारच नाही असं त्यातून निघत नाही. बाकी तुमच्या यादीवर माझी सही.

रामबागची_मावशी

सर, तुम्ही वर्गातून रिटायर झालात, वर्ग काही तुमच्यातून रिटायर झालेला नाही.

सुदामानगरची_लेक

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. भावाला इथलं सगळं वाचायला दिलं, किट तूर्त राहू दे म्हणाला, जरा खट्टू झालाय कारण ऑफरमध्ये होतं म्हणे. मी स्वतःपुरतं ठरवलंय की टेस्ट नाही करणार, बीपी वर्षानुवर्षं बॉर्डरवर आहे आणि मी गोळी टाळत होते, ती सुरू केली. ताईला मावशींचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं, तिने ते ग्रुपवर फॉरवर्ड पण केलं, आता त्या स्थळवाल्यांपर्यंत गेलं नाही म्हणजे मिळवलं.

काल मामीकडे गेले होते. फ्रंटोटेम्पोरल हा शब्द तिला कागदावर लिहून दिला, ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली म्हणजे माझ्यामुळे नाही ना. मामेभाऊ पण होता, ४१ चा आहे. त्याला मी हळूच विचारलं, तर मामाचे एक चुलते हातापायातली ताकद जाऊन गेले होते, तेव्हा लकवा म्हटलं होतं सगळ्यांनी. ते आईच्या पण चुलत्यांपैकीच झाले, म्हणजे आमच्याही बाजूला येतं का हे?

भिया_डॉक्टर

हो, मग वंशावळ मामांच्या वडिलांकडून काढायला लागेल, म्हणजे तुमच्या आजोबांच्या बाजूने, आजीच्या नाही. लकवा एका रात्रीत झाला होता की वर्ष-दीड वर्षात हळूहळू वाढत गेला, बोलणं-गिळणं गेलं होतं का, हे जुन्या माणसांना विचारून लिहा. एकदम झाला असेल तर तो साधा पॅरालिसिस, चुलत्यांचा विषय संपला. हळूहळू असेल तर मामेभावाने मामांचा एमआरआय आणि हा कागद घेऊन काउन्सेलरकडे जावं. तोवर तुम्ही लोकांनी काहीही टेस्ट करायची नाही. आणि ७२ पर्यंत तुमच्या आईच्या वागण्यात मामांसारखं काही दिसलं नव्हतं, ही तुमच्या बाजूने चांगली गोष्ट आहे, ती पण काउन्सेलरला सांगा.

मांडवीजवळची (बडोदा)

एमआरआयच्या फिल्म ओल्या जागी असतील तर एकमेकींना चिकटतात, ओढून काढू नका. सीडी असेल तर तीच न्या, आणि मामेभावाबरोबर कोणीतरी जा, एकट्याने ऐकायच्या गोष्टी नाहीत त्या. मला मेसेज करा, आम्ही कुठल्या कुठल्या प्रश्नांची यादी नेली होती ती पाठवते.